फॉग लाइटमधला दोष

सोमवार, ४ डिसेंबर

धुकं सुरू झालं. दर वर्षी याच आठवड्यात सुरू होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फॉग लाइटबद्दल आहे. आज पहाटे टेकडी चढताना दोन्ही लावले, तर समोर नुसतं पांढरं. रस्ता म्हणून काही शिल्लकच नाही. दोन वर्षांपूर्वी याच दिव्यांत कडेचे दगड मोजत वर जात होतो.

गाडीत सात जणी असतात. रुग्णालय टेकडीवर, पहिली ड्यूटी सातची. सहा सिस्टर आणि सातवी आमची सूनबाई, तिथेच लॅबमध्ये. वर पोचल्यावर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, धुकं असेपर्यंत आम्ही बसने जाऊ का?" बाई सभ्य आहेत म्हणून असं विचारतात. अर्थ एवढाच की गाडी बंद. एकदा बसची सवय लागली की कोण परत येतंय. सव्वीस वर्षं मी बस चालवली आणि आठ वर्षं ही व्हॅन. स्टीअरिंग सुटलं तर दिवसभर घरात बसून मी करू काय? मी म्हटलं, दिव्यांचं काम करून घेतो, मग बोला. त्यांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला.

ही म्हणाली, "अहो, दिव्यांचं बघाल तेव्हा बघाल, आधी स्वतःचे डोळे दाखवून या." हे हिचं वर्षभर चाललंय. नवरा साठीच्या पुढे गेला की बायकोला त्याचं सगळंच नादुरुस्त वाटायला लागतं. मी चष्मा पुसून दाखवला.

म्हणून ही वही. काय तपासलं, काय निघालं, तारीखवार. गाडी कामाला लावणारे लोक सांगतात एक आणि करतात एक, आपल्याकडे लेखी असलेलं बरं.

बुधवार, ६ डिसेंबर

ठिणगीकडे गेलो. ठिणगी म्हणजे चौकातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल. त्याने दिवे लावले, समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उजवा झकास आहे, काका. डावा बंद आहे."

डावा बंद आहे हे मला ठाऊकच होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, इतकंच.

"गाडी ठेवून जा, दोन दिवसांत देतो," म्हणाला. त्याचे दोन दिवस म्हणजे आठवडा. मी त्याच्याकडून टेस्ट लॅम्प मागून आणला. पेचकसासारखी वस्तू आहे. मुठीत बारीक बल्ब, पुढे टोक, मागे वायर आणि वायरीला चिमटा. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, टोक तारेला टेकवायचं. वीज असेल तर बल्ब लागतो, नसेल तर लागत नाही. इतकं सरळ बोलणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ठिणगीने वर शहाणपण शिकवलं: बॅटरीपासून निघायचं, दिव्यापर्यंत एकेक पायरी जायचं, मधली गाळायची नाही. सव्वीस वर्षं मी एकही थांबा गाळला नाही, हा मला शिकवतो.

शनिवार, ९ डिसेंबर

डाव्या दिव्याचा दोष सापडला. सविस्तर लिहितो, कारण हे काम कुणालाही जमण्यासारखं नाही.

दुपारी हिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हिचं काम स्विच दाबायचं आणि मी हाक मारली की ओ द्यायची. आधी फ्यूज. फ्यूजच्या दोन्ही डोक्यांना टोक लावलं, दोन्हीकडे बल्ब लागला, म्हणजे फ्यूज शाबूत. मग डाव्या दिव्याच्या सॉकेटपर्यंत गेलो. तिथेही लागला. म्हणजे वीज दारापर्यंत येते आणि दिवा मात्र अंधारात.

"झालं का?" ही आतून.

"दाबून धर."

"दाबून धरायचा स्विच नाही हो हा. एकदा दाबला की दाबला."

मग मी चिमटा गाडीच्या लोखंडावरून काढून दिव्याच्या स्वतःच्या काळ्या तारेला लावला. टेस्ट लॅम्प विझला. तिथेच चोर सापडला. वीज आत येते, पण परत जायला वाट नाही, नको असलेल्या पाहुण्यासारखी. काळी तार जिथे बोल्टने लोखंडाला जोडलेली असते तिथे नुसता गंज होता. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. डावा दिवा लागला.

ही उतरून समोर आली आणि डोळ्यांवर हात धरला. "अगंबाई, केवढा हा उजेड."

मला तितका वाटला नाही, पण तिने कौतुक केलं ते खरं. संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं. तो दूरच्या शहरात असतो. म्हणाला, "बाबा, छान. डॉक्टरांकडे गेला होतात का?" आईने पढवलेलं दिसतंय.

मंगळवार, १२ डिसेंबर

दोन दिवस दोन्ही दिवे लावून गेलो. समोर पांढरंच. दोन दिव्यांनी दुप्पट पांढरं.

म्हणजे वाटेत कुठेतरी वीज गळते आहे. दुपारी सगळं पुन्हा तपासलं. टेस्ट लॅम्प लागतो सगळीकडे, पण मिणमिणता, पिवळट, आणि त्याच्याभोवती एक कडं दिसतं. थेट बॅटरीला लावून पाहिला, तरी तेच. बॅटरीच कमजोर की टेस्ट लॅम्पच भिकार, हे कळायला हवं म्हणून हिला बोलावलं.

"कडं दिसतंय ना?"

"कसलं कडं?"

"दिव्याभोवती. गोल."

"काही नाही. लखलखीत लागलाय."

मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. एवढं मोठं कडं. बायकोचं मन दुखवायचं नाही म्हणून वाद घातला नाही, पण काळजी वाटली. ही माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे.

गुरुवार, १४ डिसेंबर

एक चांगली गोष्ट नोंदवतो. दिव्यांच्या कामापासून बायकांना गाडीची गोडी लागली आहे. पूर्वी पुढच्या सीटवर कुणी बसायला मागत नसे, वारा लागतो म्हणून. आता पाळी लावून बसतात. आज रेडिओ बसली होती. रेडिओ म्हणजे सगळ्यांत लहान सिस्टर, सुरू झाली की बंद होत नाही. "काका, डावीकडे गाय. काका, समोर टेम्पो, लाल दिवा दिसतोय बघा. काका, वळण." मी म्हटलं, बाई गं, हा रस्ता मला तोंडपाठ आहे, डोळे मिटूनसुद्धा जाईन. एरवी अशा वाक्यावर गाडीभर हसू फुटतं. आज कुणी हसलं नाही.

सूनबाई बसते तेव्हा बोलते कमी, पण तिची एक वाईट सवय आहे. डावा असो, उजवा असो, एक हात कायम हँडब्रेकवर. पाय ठेवायला जागा असते तसा हात ठेवायला तो दांडा आहे असं तिला वाटतं. तिला गाडी मीच शिकवली, परवानाही काढून दिला, पण टेकडीवर देत नाही. तिथे नजर लागते.

रविवार, १७ डिसेंबर

जास्त उजेडाचे बल्ब आणून बसवले. शिवाय दोन्ही दिव्यांची तोंडं थोडी वर केली. कंपनीवाले दिवे खाली झुकवून बसवतात. जमीन बघून कुणाला काय मिळणार, मला पुढचं बघायचं आहे.

ही म्हणाली, "समोरच्याच्या डोळ्यांत जाईल." मी म्हटलं, समोरच्याने बाजू द्यावी.

चाचणीला फ्यूज उडाला. फ्यूज पंधराचा, निळा असतो. डबीतून दुसरा निळा काढून घातला. आता उडत नाही. मोठ्या सिस्टरना निरोप पाठवला की काम पूर्ण झालं.

मंगळवार, १९ डिसेंबर

काम पूर्ण झालं नव्हतं. आज निम्म्या चढावर डॅशबोर्डखालून धूर आला. जळक्या रबराचा वास. गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरवलं, बॅटरीची तार काढली. हे मी शांतपणे केलं, मोठ्या सिस्टरही तसं म्हणाल्या. कुणाच्या तरी गाडीने सगळ्या वर गेल्या. सूनबाई रजा टाकून माझ्याबरोबर थांबली.

ठिणगी आला. वायरचं प्लास्टिक वितळलेलं त्याने मला दाखवलं. मग फ्यूज उपटून हातावर ठेवला. "काका, हा कितीचा?"

"पंधरा. निळा आहे."

त्याने खिशातून दुसरा काढून शेजारी ठेवला. "आणि हा?"

"हाही निळाच."

"दोन्ही सारखे?"

"माझ्या डोळ्यांदेखत डबीतून काढलेत."

तो सूनबाईकडे बघत राहिला आणि सूनबाई रस्त्याकडे. मग पहिला फ्यूज त्याने खिशात टाकला, दुसरा बसवला, वायर बदलली, मला चहा पाजला. कामाचं एक अक्षर बोलला नाही. बहुतेक त्याच्या दुकानातून घेतलेली वायरच हलकी होती आणि कबूल करायची लाज वाटत होती. नाचता येईना अंगण वाकडं.

जाताना सूनबाईशी बाजूला उभा राहून पाच मिनिटं बोलला. हिशेबाचं असेल.

खरं लिहायचं तर आज भीती वाटली. धुराची नाही. सात जणी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि धुक्यात मला त्या मोजता येईनात. पाच झाल्या, मग आठ झाल्या.

शुक्रवार, २२ डिसेंबर

आज धुकं असं की वायपर फिरून थकला. तिसऱ्या वळणापुढे डाव्या अंगाला खट्ट असा आवाज आला आणि त्याच क्षणी सूनबाईने हँडब्रेक ओढला. मी चालवत असताना. असं माझ्या गाडीत आजवर कुणी केलेलं नाही. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बाबा, उतरू नका. चढ आहे, ब्रेक दाबून बसा."

आणि सातही जणी खाली उतरल्या. काय झालं विचारलं तर रेडिओ म्हणाली, "डबा पडला, काका." एका डब्यासाठी सात बायका.

मी ब्रेक दाबून बसलो. वीस मिनिटं. मागे धुक्यात बोलण्याचे आवाज येत होते, त्यात एक पुरुषाचाही होता. कुणी वाटसरू मदतीला थांबला असेल. मग एक गाडी आली, थांबली, पुढे गेली. आमच्यातल्या परत आल्या त्या पाचच. दोघी त्या गाडीने वर गेल्या म्हणे. का, ते कुणी सांगेना.

"डबा सापडला का?"

"हो," सूनबाई म्हणाली. तिच्या हातात डबा नव्हता. ती ओढणीला हात पुसत होती. दव फार पडलंय.

वर पोचेपर्यंत रेडिओसुद्धा बोलली नाही.

शनिवार, २३ डिसेंबर

पहाटे गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही. सूनबाई म्हणाली, "असू दे बाबा, आम्ही बसने जातो," आणि गेलीसुद्धा. जसं काही तिला आधीच ठाऊक होतं.

दिवसभर टेस्ट लॅम्प घेऊन बसलो. बॅटरी ठीक. फ्यूजच्या पेटीत एकेक करून दोन्ही डोक्यांना टोक लावत गेलो. एका जागी एकीकडे लागला, दुसरीकडे नाही. म्हणजे हाच उडालाय, पेट्रोलच्या पंपाचा. काढायला गेलो तर चिमटीत येईना. पक्कड लावली, तरी हाताला लागेना. डोकं तुटून आत अडकला असणार. ठिणगीला फोन केला. एरवी चहाच्या वासानेही येणारा माणूस, म्हणतो सोमवारनंतर बघू.

रविवार, २४ डिसेंबर

शेवटी हिला म्हटलं, तुझी बोटं बारीक आहेत, तो फ्यूज उपटून दे. ती वाकली, बघितलं आणि म्हणाली, "इथे फ्यूज नाहीच. खाच रिकामी आहे."

"रिकामी कशी असेल? शुक्रवारी गाडी चालत होती."

"नाही म्हणजे नाही."

मी टेस्ट लॅम्प पुन्हा बॅटरीला लावून तिच्यासमोर धरला. कडं? नाही. पिवळा? नाही, पांढरा. मी वही उघडून दाखवलं, बारा तारखेलाही तिला कडं दिसलं नव्हतं. पुरावाच आहे. समोरचं कडं दिसत नाही, खाचेतला फ्यूज दिसत नाही.

मी तिला नीट समजावलं. म्हटलं, घाबरू नको, या वयात होतं. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी आहे बरोबर. मला वाटलं नको म्हणेल. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. वाईट वाटलं असणार. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "चला, जाऊ. बुधवारची वेळ मिळते का विचारते."

इतक्या पटकन तयार झाली म्हणजे त्रास तिलाही जाणवत असणार. मी वर्षभर लक्ष दिलं नाही याचं मला वाईट वाटतंय.

बुधवार, २७ डिसेंबर

बसने गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. हिला खुर्चीवर बसवून तक्ता वाचायला लावला, हिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. चष्म्याचा नंबरसुद्धा तोच निघाला. मी म्हटलं, पण हिला कडं दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसलं कडं. मी टेस्ट लॅम्पचं सगळं सांगितलं. त्या अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कागद तयार होतोय तोवर काका, तुम्हीही बसा ना खुर्चीवर."

बसलो. मी तक्ता घडाघडा म्हटला. हिने नुकताच वाचला होता, पाठ झालेला. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता बदलला. हे काही नियमात बसत नाही. नव्या तक्त्यावर सगळ्यांत वरचं एक अक्षर होतं, त्याच्याखाली धुकं.

मग थेंब घातले, यंत्रात बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. दिव्याभोवती कडं, पिवळटपणा, निळा-हिरवा ओळखू न येणं, सगळं त्याचंच. म्हणजे ठिणगीने खिशात टाकलेला माझा फ्यूज निळा नव्हताच, हिरवा होता, तिसाचा. जानेवारीत एक डोळा, मग दुसरा. नंतर दिसेल, म्हणाल्या.

"काका, गाडी चालवता का?"

मी उत्तर द्यायच्या आधी ही म्हणाली, "चालवत होते."

गुरुवार, २८ डिसेंबर

सकाळी मी रागावलो होतो. सगळ्यांवर. सुनेला, मुलाला, ठिणगीला, गाडीभर बायकांना माहीत, आणि मी एकटा टेस्ट लॅम्प घेऊन बॉनेटखाली वाकलेला. संध्याकाळी दोघींना समोर बसवलं आणि विचारलं, माझी थट्टा चालली होती का?

ही उठली, सुईदोऱ्याची डबी आणली आणि त्यातून फ्यूज काढून माझ्यासमोर ठेवला. पंपाचा. "शुक्रवारी संध्याकाळी हिने काढून आणला. मीच म्हटलं, काढ."

"शुक्रवारीच का?"

सूनबाई रडायला लागली. मग सांगितलं. डबा पडला नव्हता. पाववाला होता, टेकडीवर घरोघरी पाव देणारा, सायकलवर. आमच्या डाव्या अंगाने त्याला उडवलं. मनगट मोडलं, कपाळाला चार टाके. दोघी सिस्टर त्याला घेऊन वर गेल्या. सूनबाई रोज भेटून येते आहे.

"मला उतरू का दिलं नाहीस?"

"मागून गाड्या येत होत्या, बाबा. तुम्हाला दिसल्या नसत्या."

ती म्हणाली, तिचंही चुकलं, तिला वाटलं आपण शेजारी बसून सांगत राहिलो की भागेल. म्हणून पाळ्या लावल्या. तुम्हाला थांबा म्हणायचं कुणाच्या जिभेवर येत नव्हतं. हिच्या जिभेवर आलं होतं, मी दर वेळी चष्मा पुसला.

लाज वाटते आहे. दुसरा शब्द सापडत नाही. मी हिचे डोळे दाखवायला निघालो होतो. एक माणूस माझ्या गाडीखाली जाता जाता राहिला आणि मी डब्याची चौकशी करत होतो. जेवण गेलं नाही. किल्ल्या सूनबाईला दिल्या.

शनिवार, ३० डिसेंबर

पाववाल्याकडे गेलो. चालत, ही बरोबर होती. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत भिंतीला सायकल टेकवलेली, तिचं पुढचं चाक मी हाताने चाचपून पाहिलं. पुरतं वाकलंय. पाववाला खाटेवर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला.

काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं, पण तोच आधी बोलला. "कशाला त्रास घेतलात, काका. धुक्यात चूक माझीच झाली. त्या अंगाच्या घरी पाव द्यायला वळलो आणि समोर तुमचे दिवे. असे दिवे मी जन्मात पाहिले नाहीत हो. डोळेच दिपले. गाडी कुठे, कड कुठे, काही कळेना, नुसता उभा राहिलो. कुणाकडून करून घेतलंत काम?"

"मीच केलं."

"एक नंबर केलंय."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. धुकं होतं, तो चूक कबूल करत होता, सून भेटून गेली होती. हिने माझ्याकडे पाहिलं नाही, कपातल्या चहाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "दिवे तुमच्या डोळ्यांत गेले कारण मी ते वर केले होते. वर केले कारण मला दिसत नव्हतं. दिव्यांत काही दोष नव्हता. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बायको वर्षभर सांगत होती, मी ऐकलं नाही. तुमची चूक नाही."

त्याची बायको म्हणाली, "दिसत नव्हतं आणि गाडी चालवत होतात?"

"हो."

"माणसं बसवून?"

"सात."

तिने माझ्यापुढचा कप उचलला आणि आत नेला. मी एकच घोट घेतला होता. पाववाला "अगं" म्हणाला, पण ती बाहेर आली नाही. तो आपल्या प्लास्टरकडे बघत बसला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज वेगळा होता. "सहा आठवडे सांगितलेत. टेकडीवर अडतीस घरं आहेत माझी. सहा आठवडे पाव गेला नाही तर लोक दुसरा धरतील. अकरा वर्षं लागली ती घरं जमवायला."

घरं हातची जातील ही भीती मला समजावून सांगायला नको होती. मी हिच्याकडे वळलो, ही हो म्हणाली. मग मी त्याला सांगितलं: सोमवारपासून गाडी सूनबाई चालवणार आहे. मोठ्या सिस्टरनी तिला चालेल म्हटलंय, मला नाही. अडतीस घरं जाण्याच्या रस्त्यावरच आहेत. पाव गाडीत घालायचा, अर्धा तास लवकर निघायचं, मी उतरून दारोदार देईन. चालायला मला दिसतं, आणि रस्ता पाठ आहे. माझ्या ऑपरेशनच्या दिवसांत ही जाईल.

त्याने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विश्वास ठेवावा की नाही हे त्याला कळत नसणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

"लिहून घ्या," तो म्हणाला.

ही वही पिशवीत होती. तो सांगत गेला, मी मोठ्या अक्षरांत लिहीत गेलो. पहिलं पिवळं फाटक, दोन पाव. शिंप्याचं घर, चार, रविवारी सहा. जिन्याखालची म्हातारी, एक, पण दारात ठेवायचा नाही, हातात द्यायचा, तिला दिसत नाही. पाच पानं भरली. विसाव्या घराशी असताना त्याची बायको आतून येऊन माझ्या मागे उभी राहिली. वाकून वही बघत होती.

"सतरावं चुकलं," ती म्हणाली. "तिथे दोन नाही, तीन लागतात."

मी तीन केले.